ट्रंकेतली एनए ऑर्डर

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या मामांच्या घरी पत्र्याची एक ट्रंक आहे. तिच्यात कर्जाच्या पावत्या, सात-बाऱ्याचे पिवळे पडलेले उतारे, आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली एक एनए ऑर्डर, म्हणजे शेतजमीन बिनशेती कामाला वापरायची सरकारी परवानगी. मामांना वीस गुंठ्यांत भाताची गिरणी घालायची होती. परवानगी आली त्याच वर्षी आजी आजारी पडली. पैसे दवाखान्यात गेले, गिरणी राहिली ती राहिलीच. आता मामेभावाला तिथे लॉज बांधायचा आहे. तो म्हणतो, "दादा, एनए तर झालेलीच आहे."

हे वाक्य मी फार ठिकाणी ऐकलंय, आणि दर वेळी पोटात गोळा येतो. कारण माणसं ऑर्डरचं पहिलं पान जपतात, अटींचं पान वाचत नाहीत.

मामांची परवानगी होती १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ४४ खालची. तिच्याबरोबर १९६९ च्या नियमांतली अट येते: आदेशाच्या तारखेपासून वर्षाच्या आत बिनशेती वापर सुरू करायचा. केला नाही आणि मुदतवाढही घेतली नाही, तर परवानगी संपली. वापर सुरू केला, तर तीस दिवसांत तलाठ्यामार्फत तहसीलदारांना लेखी कळवायचं. हे कळवणंच पुष्कळ जण विसरतात, आणि पुढे वापर कधी सुरू झाला हे सांगायला कागद उरत नाही.

शिवाय गिरणीची परवानगी लॉजला चालत नाही. एका बिनशेती कामावरून दुसऱ्यावर जातानाही कायदा परवानगी मागतो.

बांधकाम परवानगीचंही तसंच. नगररचना कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे ती वर्षभर चालते. पुढे दरवर्षी वाढवून मिळते, पण ही वाढही तीन वर्षांपलीकडे जात नाही. तेवढ्यात काम जोत्यापर्यंत आलं नाही, तर नव्याने अर्ज, आणि तो त्या दिवशीच्या नियमांनुसार तपासला जाणार.

पण याच कायद्याचं कलम ५१ मला फार मोलाचं वाटतं. दिलेली परवानगी नियोजन प्राधिकरण, म्हणजे ती देणारी संस्था, मागे घेऊ शकतं. मात्र काम बरंच पुढे गेलं असेल, तर तसा आदेश काढता येत नाही. जमिनीचा वापर परवानगीप्रमाणे बदलून झाला असेल, तर मुळीच काढता येत नाही. मधेच परवानगी काढून घेतली, तर झालेल्या खर्चाची भरपाई मागता येते. म्हणजे ज्यानं वेळेत खरोखर काम केलं, त्याच्या पाठीशी कायदा उभा आहे.

मामांच्या शेजारच्या काकूंनी त्याच सुमारास परवानगी घेऊन पिठाची गिरणी सुरू केली होती. पहिलं वीजबिल, ग्रामपंचायतीची घरपट्टी, तहसीलदारांना दिलेल्या पत्राची पोच, सगळं त्यांच्याकडे एका फायलीत आहे. गाव नमुना दोन या तलाठ्याच्या नोंदवहीत त्यांच्या बिनशेती आकारणीची, म्हणजे त्या जमिनीवरच्या महसुलाची, नोंद आहे. त्यांना कुणी विचारलं, तर त्या फाईल पुढे करतात.

मामेभावाला मी आधी झोन दाखला, म्हणजे आराखड्यात ती जमीन कोणत्या वापरासाठी दाखवली आहे ते सांगणारा कागद, काढायला सांगितलं. आता विकास आराखड्यातल्या भोगवटादार वर्ग एक, म्हणजे मालकाला विकायची मोकळीक असलेल्या, जमिनीला जिल्हाधिकाऱ्यांची वेगळी एनए परवानगी लागत नाही, त्यामुळे त्याचा मार्ग मामांच्या वेळेपेक्षा सोपाही असेल. मामा ऐकत होते. त्यांनी ती ऑर्डर पुन्हा पिशवीत घातली आणि अर्जाला तिकिटं किती लागतील, ते विचारलं.