बाळंतपण कुठे, हे आधी ठरवा

नमस्कार, श्रोतेहो. जोखमीचं गरोदरपण आणि त्यातून जन्मणाऱ्या नाजूक बाळांवरचे खास उपचार, हा आजचा विषय. त्यातल्या एकाच प्रश्नावर बोलणार आहे: बाळंतपण कुठे करायचं, हे कधी ठरवायचं?

पोटात जुळी आहेत, आईला हृदयविकार किंवा मधुमेह आहे, वार खाली सरकलेली आहे, आधीचं बाळ दिवस भरण्याआधीच झालं होतं, अशा वेळी डॉक्टर फाइलवर 'जोखमीचं' असा शेरा मारतात. तो वाचून घरचे घाबरतात. खरं तर यातल्या बऱ्याच जणी सुखरूप बाळंत होतात. शेऱ्याचा उपयोग एवढाच, की पुढची तयारी वेळेत करता यावी. पण तीच नेमकी राहून जाते.

वेळेला इतकं महत्त्व का, ते सांगते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची पहिली लढाई श्वासाची असते. फुफ्फुसांतल्या बारीक पिशव्या श्वास सोडल्यावर मिटून जाऊ नयेत म्हणून आत एक स्निग्ध द्रव लागतो, सर्फॅक्टंट. तो पुरेसा तयार व्हायला साधारण 34-35 आठवडे लागतात. त्याच्या अभावी ही बाळं दगावतात, हे डॉ. मेरी एलन अ‍ॅव्हरी यांनी 1959 साली दाखवून दिलं. कारण कळलं, उपाय नव्हता. 1963 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे लवकर जन्मला आणि 39 तासांत गेला. अध्यक्षांचं मूल असूनही डॉक्टरांचे हात रिकामेच होते.

उपाय सापडला तो मेंढ्यांच्या गोठ्यात. न्यूझीलंडचे डॉ. ग्रॅहम लिगिन्स प्रसूतीच्या कळा कशाने सुरू होतात, याचा शोध घेत होते. स्टेरॉइड दिलेलं एक कोकरू इतकं लवकर जन्मलं, की ते जगायलाच नको होतं. पण ते श्वास घेत होतं! मग बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्यासोबत त्यांनी हेच औषध मुदतपूर्व कळा आलेल्या मातांना देऊन पाहिलं, आणि 1972 मध्ये निष्कर्ष छापले. आज 24 ते 34 आठवड्यांच्या दरम्यान बाळंतपण होण्याची चिन्हं दिसली, की आईला ही इंजेक्शनं देतात. औषध जुनं, स्वस्त आणि साधं आहे.

पण त्याचा पूर्ण परिणाम व्हायला जवळजवळ एक दिवस जातो. 'सकाळपर्यंत बघू, कळा थांबतील' म्हणून रात्र काढली, की तोच दिवस हातचा जातो. शिवाय नेमके किती आठवडे भरलेत ते माहीत हवं, म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांतली सोनोग्राफी झालेली हवी. आणि हे इंजेक्शन घेऊन घरी बसायचं नसतं. बाळाला सांभाळणारा विभाग त्याच इमारतीत हवा.

म्हणूनच नवजात शिशुतज्ज्ञ सांगतात, बाळाला हलवायचं तर आईच्या पोटातून हलवा. जन्मानंतर रुग्णवाहिकेतून आणलेलं बाळ गार पडतं, त्याची साखर उतरते. फार लहान बाळांमध्ये मेंदूत रक्तस्राव होण्याचं प्रमाणही अशा वेळी जास्त आढळतं. अर्थात बाळाचं डोकं दिसू लागलं असेल किंवा आईला झटके येत असतील, तर आधी आहे तिथेच उपचार. झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊनच तिला पुढे पाठवतात.

झटक्यांआधी बहुतेकदा इशारे मिळतात. विसाव्या आठवड्यानंतर बीपी 140/90 किंवा त्याहून जास्त, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर एकाएकी सूज. हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं, एकट्या गरोदर बाईला नव्हे.

जाता जाता एका समजाविषयी. सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं प्राचीन ग्रीक वैद्यही मानत. फुफ्फुसांना हे गणित मान्य नाही. त्यांच्या दृष्टीने पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा फायद्याचाच.

आता बाळ आलं, कमी वजनाचं आहे, काचेच्या पेटीत आहे, आणि आई बाहेर बाकावर बसलीय. हे चित्र बदलायला हवं. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. नाइलाजातून निघालेली ही पद्धत पुढे उपचार म्हणूनच सिद्ध झाली. जागतिक आरोग्य संघटना 2022 पासून सांगते, की ही 'कांगारू' काळजी जन्मानंतर लगेच सुरू करावी आणि दिवसातले 8 ते 24 तास द्यावी. तेव्हा आत जाऊ द्या, असा आग्रह धरायला संकोचू नका. वडिलांची छातीही चालते.

तुमच्या घरी असं गरोदरपण असेल, तर पुढच्या तपासणीला थेट विचारा: बाळ 34 आठवड्यांच्या आत झालं, तर इथे व्हेंटिलेटर आहे का? रात्री बालरोगतज्ज्ञ असतात का? नसतील, तर आम्ही कुठे जायचं आणि केव्हा निघायचं? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

आणि बाळ घरी न्यायच्या दिवशी, आनंदाच्या गडबडीत, हमखास एक गोष्ट सुटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. वरून डोळे अगदी निरोगी दिसतात. पहिल्या महिन्याभरात नेत्रतज्ज्ञांनी पडदा तपासला, तर लेझरने किंवा इंजेक्शनने नजर वाचवता येते. उशीर झाला, तर कायमचं अंधत्व येऊ शकतं. डिस्चार्जच्या कागदावर या तपासणीची तारीख नसेल, तर ती लिहून घेतल्याशिवाय निघू नका.

नमस्कार.