झाकली मूठ

(काळा पडदा. फक्त गर्दीचा आवाज.)

दहा लढती, दहा विजय. बॉक्सिंगच्या रिंगमधला माणूस माइक तोंडाशी धरून आधी हे सांगतो. मग दुसऱ्या कोपऱ्याकडे वळतो. बारा लढती, बारा विजय. पराभवांचा आकडा वाचायची गरजच नाही, दोन्हीकडे शून्य आहे. बारा फेऱ्या, मधली एकेका मिनिटाची विश्रांती, सगळं धरून पाऊण तास. त्यानंतर यातलं एक शून्य बहुधा उरणार नाही.

२१ मे २०११. लंडन, ओटू अरिना. जेम्स डीगेल, वय २५, बीजिंग ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. जॉर्ज ग्रोव्ह्ज, वय २३. दोघंही पश्चिम लंडनमधल्या डेल यूथ या एकाच क्लबात वाढलेले. एकमेकांची चाल, श्वास, खोडी, सगळं पाठ. हौशी असताना ग्रोव्ह्जनं डीगेलला हरवलं होतं, आणि ते डीगेल विसरला नव्हता. दोघांचं जमत नव्हतं, हे फार सभ्यपणे सांगणं झालं.

(जुन्या पोस्टरांवरून कॅमेरा सावकाश सरकतो.)

खरं तर अशा लढती होऊ नयेत याचीच व्यवस्था या धंद्यात असते. होतकरू बॉक्सर ही प्रमोटरची गुंतवणूक. मॅचमेकर त्याला प्रतिस्पर्धी मापून देतो. आधी एक चिवट, पण हातात जोर नसलेला. मग एक उंच. मग एक डावखुरा. मग एक वय झालेला, सगळ्या युक्त्या माहीत असलेला. पोरगा शिकत जातो, आकडा वाढत जातो, आणि तिकीट त्या आकड्यावर विकलं जातं. झाकली मूठ सव्वा लाखाची, इथे तर ती ग्लोव्हमध्येच झाकलेली.

हे आकडे ज्यांच्या जिवावर उभे राहतात, त्यांच्यापैकी एकाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. बर्मिंगहॅमचा पीटर बकली. ३०० व्यावसायिक लढती, त्यातल्या २५६ हरला. २००८ मध्ये थांबला. त्याला हरता येत होतं, आणि ती कला आहे. समोरच्या पोराला गुण घेऊ द्यायचे, पण स्वतः आडवं व्हायचं नाही. नॉकआउट झालं की सक्तीची विश्रांती, म्हणजे पुढच्या आठवड्याची कमाई गेली. कित्येक चकचकीत शून्यांमागे असा एखादा बकली उभा असतो.

म्हणून दोन खरी होतकरू पोरं समोरासमोर आली की कान टवकारतात. अमेरिकेत शोटाइम वाहिनीनं २००१ पासून दोन दशकांहून अधिक काळ याच कल्पनेवर एक कार्यक्रम चालवला. उगवत्यांना उगवत्यांशी भिडवायचं, बस्स.

(रिंग. वरून घेतलेलं दृश्य.)

आता ओटूमध्ये परत. डीगेल डावखुरा, ग्रोव्ह्ज उजवा. अशा जोडीत दोघांचे पुढचे पाय एकमेकांच्या आड येतात. ज्याचा पाय बाहेरच्या बाजूला, त्याच्या मागच्या हाताला वाट मोकळी. टीव्हीवर आपण हात बघत बसतो, भांडण मात्र खाली त्या वीतभर जागेसाठी चाललेलं असतं. सगळ्यांना वाटलेलं की ग्रोव्ह्ज चालून जाईल. तो मागे सरकत राहिला. डीगेल पाठलाग करी, मारायला जाई, तोवर समोर कुणी नसे, आणि परतीचा ठोसा आलेला असे. लढत देखणी झाली असं मी म्हणणार नाही. दोघंही एकमेकांना फार ओळखत होते.

निकाल: एका परीक्षकाचे ११५-११५. उरलेल्या दोघांचे ११५-११४, ग्रोव्ह्जच्या बाजूनं. एका गुणानं डीगेलचं शून्य गेलं. आपणच जिंकलो, असं तो पुढेही म्हणत राहिला.

आणि मग काय झालं? हरलेला आधी पोहोचला. मे २०१५ मध्ये बॉस्टनला आंद्रे डिरेलला हरवून डीगेल आयबीएफ या आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेचा जगज्जेता झाला. ऑलिंपिक सुवर्ण आणि व्यावसायिक जगज्जेतेपद, दोन्ही मिळवणारा पहिला ब्रिटिश. जिंकलेला ग्रोव्ह्ज मात्र जगज्जेतेपदाच्या तीन लढती हरला. चौथ्या खेपेला, २७ मे २०१७ रोजी शेफील्डमध्ये, किताब हाती आला.

प्रत्येकाच्या नशिबी असं नसतं. जुलै २०१९ मध्ये याच ओटूत २१ वर्षांचा डॅनियल डुबोआ आणि २३ वर्षांचा नेथन गॉर्मन ब्रिटिश किताबासाठी भिडले. दोघंही अपराजित, दोघंही हेवीवेट. पाचव्या फेरीत गॉर्मन संपला. २०२२ मध्ये त्याच किताबासाठी पुन्हा उतरला, पुन्हा हरला. आणि डुबोआ? गॉर्मनला हरवल्यावर पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२० मध्ये, तोही अपराजित अशा जो जॉइसपुढे उभा राहिला. करोनामुळे प्रेक्षक नाहीत. रिकाम्या सभागृहात प्रत्येक जॅबचा, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाचा, आवाज वेगळा ऐकू येतो. जॉइसचा जॅब डाव्या डोळ्यावर, पुन्हा तिथेच, पुन्हा तिथेच. दहाव्या फेरीत डुबोआ गुडघ्यावर बसला आणि दहा मोजून होईपर्यंत उठला नाही. घाबरला, म्हणाले लोक. त्यात माजी बॉक्सरही होते. डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर ९६ हजार लोकांसमोर त्याच डुबोआनं माजी जगज्जेत्या अँथनी जोशुआला पाचव्या फेरीत झोपवलं.

(जळालेल्या इमारतीचं स्थिर छायाचित्र. संगीत नाही.)

डेल यूथची, म्हणजे डीगेल-ग्रोव्ह्जच्या क्लबाची, व्यायामशाळा ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीच्या खालच्या भागात होती. ग्रोव्ह्ज जगज्जेता झाल्यावर अठरा दिवसांनी, १४ जून २०१७ च्या पहाटे, ती इमारत पेटली. ७२ माणसं गेली. क्लबची जागाही जळाली.

२०१९ च्या जानेवारीत ग्रोव्ह्जनं ग्लोव्ह्ज उतरवले, महिन्याभरानं डीगेलनं. दोघांची दुसरी लढत कधी झालीच नाही.

(पडद्यावर फक्त आकडे: ११५-११५. ११५-११४. ११५-११४.)