पाचारण ओळखताना

नमस्कार श्रोते हो.

सेमिनरी हिल्स नागपुरात कोणाला ठाऊक नाही? रविवारी लेकरांना घेऊन आपण जपानी बागेत जातो, तिथून फुटाळ्यावर. त्या टेकडीला जिच्यामुळे नाव पडलं ती सेंट चार्ल्स सेमिनरी आजही तिथं आहे. धर्मगुरू व्हायचं म्हणून आलेली तरुण मुलं तिथं शिकतात. येता रविवार त्यांच्यासाठी प्रार्थनेचा. ईस्टर काळातला हा चौथा रविवार. पाचारण म्हणजे धर्मगुरू किंवा सिस्टर होऊन आयुष्य वाहून टाकण्याची देवाची हाक. त्यासाठी प्रार्थनेचा हा दिवस 1964 पासून जगभर पाळतात.

मीही बारावीनंतर सिस्टर, म्हणजे नन, व्हायला कॉन्व्हेंटमध्ये गेले होते. पावणेदोन वर्षांनी घरी परतले.

लोकांना वाटतं, देवाची हाक म्हणजे कानात स्पष्ट आवाज. बायबलमधल्या शमुवेलाला तर खरोखरच नावानं हाक आली होती. तरी तो तीनदा उठून म्हाताऱ्या एली याजकाकडेच धावला. एलीलाही तिसऱ्या खेपेला उमगलं की हाक मारणारा परमेश्वर आहे. म्हणून पोरांनो, एकट्यानं ठरवू नका. आपलं मन जिच्यापुढे उघडता येईल अशी एक अनुभवी व्यक्ती शोधा.

संत इग्नेशियस लोयोला हे शिपाईगडी. 1521 मध्ये पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्यापडल्या ते कधी दरबारी पराक्रमाची स्वप्नं रंगवत, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्हींत मन रमे. पण पहिल्या स्वप्नानंतर आत कोरडं कोरडं वाटे, दुसऱ्यानंतर समाधान मागे उरे. पुढं त्यांनी शिकवलं ते हेच: विचार गोड आहे का एवढंच बघू नका, तो गेल्यावर मागे काय उरतं ते बघा. आणि मन काळवंडलेलं असताना आधीचा निर्णय फिरवू नका.

मला हे कळलं कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात. वीस-बावीस जणींच्या जेवणाची पातेली मी राखेनं घासायचे. प्रार्थनेत मन लागायचं, पातेली घासतानाही लागायचं. पण व्रतं घेण्याचा विचार आला की छातीवर दगड. एक-दोन दिवस नव्हे, कित्येक महिने, अगदी आनंदाच्या सणावारीसुद्धा. आम्हा नोव्हिसांना, म्हणजे नवशिक्या मुलींना, घडवणाऱ्या नोव्हिस मिस्ट्रेसनं घाई केली नाही. चर्चचा कायदाच तसा सबुरीचा आहे. नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीची उमेदवारी, किमान 12 महिन्यांचं. मग दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही व्रतं निदान 3 वर्षं तात्पुरती, त्यानंतर कायमची. नोव्हिस केव्हाही निघू शकते, संस्थाही तिला घरी पाठवू शकते. ही वर्षं ओळखण्यासाठीच ठेवलेली आहेत.

स्टेशनवर बाबा घ्यायला आले होते. त्यांनी ट्रंक उचलली, म्हणाले, "चल, आईनं पिठलं-भाकर केली आहे." बस, एवढंच. नातलगांत मात्र कुजबुज सुरू झाली, "पळून आली." तो शब्द मला बरीच वर्षं टोचला.

आईबापांना एक सांगते. आपलं सदरचं कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं आहे त्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांना वडिलांनी वकिलीचं शिक्षण दिलं, स्थळही बघून ठेवलं. मुलाला धर्मगुरू व्हायचं होतं. वडील मोठ्या मुश्किलीनं राजी झाले आणि 1593 मध्ये फ्रान्सिसला दीक्षा मिळाली. तुम्ही मुलांना अडवू नका. आणि घराण्यात एक फादर असावा, एक सिस्टर असावी, म्हणून ढकलूही नका.

आमच्या शेजारची मुलगी पुढच्या महिन्यात सिस्टर व्हायला कॉन्व्हेंटमध्ये जाते आहे. परवा तिची आई मला विचारत होती, "काहो ताई, उद्या परत आली तर?"

मी म्हटलं, "कपाटातला तिचा कप्पा मोकळा ठेवा. आणि हे तिला जायच्या आधीच सांगा."