तट पाडला, मैदानं उरली

मुंबई बघायला आलेली मंडळी सीएसएमटीला उतरतात, टॅक्सीने गेटवे गाठतात, फोटो काढतात आणि मरीन ड्राइव्हला जातात. मधला फोर्ट त्यांना फक्त टॅक्सीच्या काचेतून दिसतो. माझा आग्रह आहे, की हा मधला पट्टा पायी करा. इथला किल्ला पाडून दीडशेहून जास्त वर्षं झाली, पण त्याची आखणी अजून रस्त्यांत सापडते.

इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वस्तीभोवती तट उभारला. मोठे दरवाजे तीन : उत्तरेला बझार गेट, पश्चिमेला चर्चगेट, दक्षिणेला अपोलो गेट. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईच्या इंग्रजांचं धाबं दणाणलं. तटाबाहेर खंदक खोदायचं ठरलं. त्यासाठी गावातल्या व्यापाऱ्यांनी पैसे घातले. मराठ्यांनी मुंबई कधी घेतली नाही, पण या शहराच्या रचनेवर त्यांच्या धाकाची खूण आहे, हे आपल्या लोकांना माहीत असायला हवं. तटापुढची जमीनही मोकळी ठेवली होती. शत्रूला आडोसा मिळू नये आणि तोफांचा मारा नीट व्हावा, एवढाच हेतू.

सुरुवात बझार गेटच्या बाजूने करा. बोरा बझारच्या गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना टेकलेली. तटाच्या आतला हा उत्तरेचा भाग पारशी, बनिया अशा देशी व्यापाऱ्यांचा. १७०९ची बनाजी लिमजी अग्यारी इथलीच. तिथून दक्षिणेला चालत वीर नरिमन रोड ओलांडला, की इंग्रजांचा भाग लागतो. १७१८चं सेंट थॉमस चर्च या रस्त्यावरच आहे, आणि चर्चगेटला नाव मिळालं ते त्याच्यावरून.

पुढे हॉर्निमन सर्कल. इथे घाई करू नका. एकेकाळी या मोकळ्या जागेत कापसाच्या गासड्यांचे ढीग लागत. आता बागेभोवती गोलाकार इमारती आहेत. त्यांच्या कमानींखालून चालताना वर बघा. कमानीच्या मधोमध बसवलेल्या दगडांवर माणसांचे चेहरे कोरलेले आहेत. समोर १८३३चा टाऊन हॉल, म्हणजे आपली एशियाटिक लायब्ररी. तिच्या पायऱ्यांवर निवांत बसा.

तिथून सरळ पश्चिमेला फ्लोरा फाउंटन. चर्चगेटचा दरवाजा इथे होता. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत तट पाडला आणि १८६४ला दरवाजाच्या जागी हे कारंजं आलं. शेजारी हुतात्मा स्मारक आहे, मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांचं. २१ नोव्हेंबर १९५५ला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर याच परिसरात गोळीबार झाला. आधी इथे दोन मिनिटं थांबा, फोटो नंतर.

आता ओव्हल. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज, ही सगळी तोफांसाठी राखलेल्या त्या मोकळ्या पट्ट्याची शिल्लक! जिथे गोळे पडायचे होते, तिथे आज पोरं क्रिकेट खेळतात. तट पाडला त्याच काळात अमेरिकेत यादवी पेटली होती. तिथला कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत श्रीमंत झालेले कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने राजाबाई टॉवरसाठी देणगी दिली. १८७८ला तो पुरा झाला, शेजारचं हायकोर्टही त्याच साली. ओव्हलच्या पूर्वेला या टोकदार गॉथिक इमारती आणि पश्चिमेला १९३०च्या दशकातली गोलसर गॅलऱ्यांची आर्ट डेको घरं. ती घरं जिथे आहेत तिथे आधी समुद्र होता. बॅकबे या उपसागरात भर घातल्यावर किनारा मरीन ड्राइव्हपर्यंत सरकला. मैदानाच्या मधोमध उभं राहून दोन्ही बाजू एकदा तरी बघा. २०१८ला युनेस्कोने याच जोडीला जागतिक वारसा ठरवलं.

यानंतर गेटवेला जायचं असेल तर खुशाल जा. १९२४ची ती कमान सुंदरच आहे. काळा घोडा परिसरातून चालत पंधरा-वीस मिनिटांत पोचाल.