नव्वद फूट

[दृश्य: पहिला बेस. लाल मातीवर बुटांच्या खुणा. मागे फक्त गर्दीचा आवाज.]

त्याच्या हातांकडे बघा. दोन्ही हात गुडघ्यांपुढे सैल सोडलेत आणि बोटं सारखी वळवळतायत, पेटीवर सूर चाचपावा तशी. पाय फाकलेले, भार चवड्यांवर, नजर पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर. हा पळणार हे पिचरला ठाऊक आहे. कॅचरला, म्हणजे बॅटरच्या मागे चेंडू पकडायला बसलेल्याला, ठाऊक आहे. स्टेडियमच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या पोरालाही ठाऊक आहे. तरी तो पळतो, आणि बहुतेक वेळा सुखरूप पोचतो.

हा रिकी हेंडरसन. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये २५ हंगामांत १४०६ बेस चोरलेला माणूस.

चोरी म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगते. क्रिकेटच्या समालोचनात ‘चोरटी धाव’ आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे चेंडू बॅटला लागतो आणि मग धाव निघते. बेसबॉलमध्ये तीन बेस ओलांडून होम प्लेटला, म्हणजे बॅटरच्या जागी, परत आलं की एक धाव. आणि चोरीत बॅट हलायचीही गरज नाही. पिचर चेंडू टाकायला निघाला, की पहिल्या बेसवरच्या खेळाडूने दुसऱ्याकडे सुटायचं. अंतर ९० फूट. आधीच दहा-बारा फूट पुढे सरकून उभं राहायची मुभा असते. पण पिचर गर्रकन वळला आणि त्याने पहिल्या बेसवर चेंडू फेकला, तर परत यायला वेळ उरत नाही. विनू मंकड यांनी १९४७ मध्ये सिडनीत बिल ब्राऊनला क्रीझबाहेर पकडलं, त्यावर आजही वाद झडतात. बेसबॉलमध्ये अशी पकडापकडी रोजचीच, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

आता हिशोब. पिचरच्या हालचालीपासून चेंडू कॅचरच्या हातात पडेपर्यंत साधारण १.३ सेकंद. कॅचरने उठून तो दुसऱ्या बेसवर पोचवायला आणखी २ सेकंद. एवढ्यात मातीत झेप घेऊन बेसला हात लागला पाहिजे.

[दृश्य: पिचरचा पाय, संथ गतीत. टाच उचलली जाते.]

म्हणून नुसते पाय वेगवान असून भागत नाही. पिचर होम प्लेटच्या दिशेला चेंडू टाकणार की मागे वळणार, हे त्याच्या आधी आपल्याला कळावं लागतं. कुणाची टाच आधी उचलते, कुणाचा खांदा किंचित उघडतो, कुणाचा गुडघा वाकतो. १९७६ आणि १९७७ मध्ये मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या पायरीवर) टॉम ट्रेबलहॉर्न नावाचे प्रशिक्षक रिकीला लाभले आणि हे वाचन त्याने त्यांच्या हाताखाली घोटून घेतलं. मोडेस्टोच्या संघाकडून खेळताना एका सामन्यात त्याने सात बेस चोरले होते. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

त्याचा जन्म २५ डिसेंबर १९५८चा, शिकागोतला, तोही दवाखान्याच्या वाटेवर, मोटारीच्या मागच्या सीटवर. वडील लवकरच घर सोडून गेले. काही वर्षं आर्कान्सामध्ये आजीकडे गेली, मग आई बॉबी मुलांना घेऊन कॅलिफोर्नियात ओकलंडला आली. ओकलंड टेक शाळेत रिकी अमेरिकन फुटबॉलमध्ये चमकत होता आणि त्याचं स्वतःचं मन तिकडेच होतं. आईने मात्र बेसबॉलचा आग्रह धरला. फुटबॉलमध्ये हाडं मोडतात, कारकीर्द चार दिवसांची, असा तिचा साधा हिशोब. १९७६ मध्ये ओकलंड ए’जने त्याला निवडलं. घरापासून हाकेच्या अंतरावरचा संघ.

२४ जून १९७९ला तो पहिल्यांदा मेजर लीगमध्ये उतरला. त्या वर्षी ए’जने १०८ सामने गमावले आणि स्टँड ओस पडलेले असत. पुढच्या वर्षी बिली मार्टिन व्यवस्थापक म्हणून आले, त्यांनी या पोराला मोकळं सोडलं आणि रिकीने १०० बेस चोरले. मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगमध्ये टाय कॉबचा ९६चा विक्रम १९१५ पासून उभा होता, तो मोडला.

मग आलं १९८२. लू ब्रॉकचा एका हंगामातला विक्रम होता ११८. ऑगस्टच्या २७ तारखेलाच, मिल्वॉकीमध्ये, रिकीने तो ओलांडला आणि हंगाम संपवला तो १३० वर. त्याच वर्षीचा दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो: ४२. इतक्या वेळा तो पकडला गेला. हजारोंच्या देखत धुळीत तोंड घालून पडायचं, अंपायरची मूठ वर गेलेली बघायची, कपडे झटकत परत जायचं आणि पुढच्या संधीला तितक्याच बिनघोरपणे पुन्हा सुटायचं. सगळ्या कारकिर्दीत तो ३३५ वेळा चोरी करताना बाद झाला. इतक्या वेळा दुसरं कुणीही नाही.

[दृश्य: बेसकडे झेपावणारं शरीर, छाती जमिनीला समांतर.]

बरेच खेळाडू बेसकडे घसरताना पाय पुढे टाकतात. रिकी हात पुढे टाकून छातीवर जायचा. सुरुवातीला तो जोरात आपटायचा, अंग ठेचून निघायचं. एकदा विमान इतकं अलगद धावपट्टीवर टेकलं, की त्यातून त्याला युक्ती सुचली, असं तो स्वतः सांगायचा. शरीर जमिनीजवळ आणायचं, उंचावरून कोसळायचं नाही. त्यानंतरच्या त्याच्या झेपा नीट बघा. धूळ उडते, पण धप्प असा धक्का दिसत नाही.

१ मे १९९१. ओकलंड, समोर न्यूयॉर्क यांकीज, जिथे तो स्वतः साडेचार हंगाम खेळून आला होता. लू ब्रॉकच्या कारकिर्दीतल्या ९३८ चोऱ्यांच्या विक्रमाशी बरोबरी झालेली. ब्रॉक स्वतः हजर. पहिल्या डावात रिकी दुसऱ्या बेसकडे सुटला आणि कॅचर मॅट नोक्सने त्याला बाद केलं. अख्खं स्टेडियम श्वास रोखून बसलेलं आणि हा रिकाम्या हाताने परतला.

चौथ्या डावात तो पुन्हा बेसवर होता, या वेळी दुसऱ्या. पिचर टिम लिअरी. रिकी तिसऱ्याकडे निघाला, छातीवर झेपावला, चेंडू आला, हात आधी पोचला होता. तो उठला, बेस मातीतून उपटून काढला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. खेळ थांबला. आई मैदानात आली, ब्रॉक आले.

माईकवर त्याने ब्रॉकचा मान राखला आणि मग म्हणाला, आज मी सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ आहे. या एका वाक्याने त्याच्यावर गर्विष्ठपणाचा शिक्का बसला. मला ते पटत नाही. त्या क्षणी, त्या कामात, ते शब्दशः खरं होतं. त्याच रात्री टेक्सासमध्ये ४४ वर्षांच्या नोलन रायनने आपला सातवा नो-हिटर (समोरच्या संघाला एकही हिट न देता संपवलेला सामना) टाकला आणि दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडी त्याचंच कौतुक होतं.

रिकी नुसता पळायचा असं कुणी समजू नये. १९९० मध्ये ६५ चोऱ्यांसोबत २८ होमरन (चेंडू कुंपणापार मारून थेट धाव) मारून तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सामन्यात संघाचा पहिलाच बॅटर म्हणून उतरून होमरन मारायचे त्याचे ८१ प्रसंग आहेत. १९८९ला ओकलंडसोबत आणि १९९३ला टोरोंटोसोबत त्याने वर्ल्ड सीरिज, म्हणजे मेजर लीगचं अजिंक्यपद, जिंकली. एकूण नऊ संघ फिरला. १९९८ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी, पुन्हा ओकलंडमध्ये, ६६ चोऱ्या करून लीगमध्ये पहिला आला.

ऑक्टोबर २००१, सॅन दिएगो. टाय कॉबचा एकूण २२४५ धावांचा विक्रम त्याने होमरन मारून मोडला. होमरन म्हटल्यावर रमत-गमत घरी यायचं असतं, अडवणारं कुणी नसतं. हा मात्र होम प्लेटपाशी येऊन घसरत गेला. तीनच दिवसांनी ३०००वा हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठायची तीन हजारावी वेळ.

२००३ नंतर मेजर लीगमधून बोलावणं आलं नाही. तो लहान लहान स्वतंत्र लीगमध्ये खेळत राहिला, २००५ मध्ये, ४६व्या वर्षीसुद्धा. २००९ मध्ये बेसबॉलच्या थोरांना मान देणाऱ्या हॉल ऑफ फेमने त्याला पहिल्याच मतदानात आत घेतलं.

२०२३ मध्ये नियम बदलले. बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले, पिचरने मागे वळण्यावर मर्यादा आली. चोऱ्या वाढल्या. त्या हंगामात सर्वाधिक चोऱ्या रोनाल्ड अकुन्या ज्युनियरच्या: ७३. एकूण यादीत रिकीच्या खाली अजूनही ब्रॉकच आहे, ४६८ पावलं मागे.

[दृश्य: ओकलंड कॉलिजियम. भरलेले स्टँड.]

२०१७ मध्ये या मैदानाला रिकीचं नाव दिलं गेलं. २६ सप्टेंबर २०२४ला ए’ज इथे शेवटचा सामना खेळले. संघ ओकलंड सोडून चालला होता आणि माणसं पोराबाळांना घेऊन निरोप द्यायला आली होती. सामन्याआधीचा मानाचा चेंडू टाकायला जुना सहकारी, पिचर डेव्ह स्टुअर्टसोबत रिकी आला.

२० डिसेंबरला, सहासष्टाव्या वाढदिवसाला पाच दिवस असताना, न्यूमोनियाने तो गेला.

[दृश्य: रिकामं मैदान. पहिला बेस. तिथून दुसऱ्या बेसपर्यंतची माती.]