परवानगीलाही मुदत हवी

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते खाण्यात मिसळल्या जाणाऱ्या रंग-रसायनांना मिळणाऱ्या सरकारी परवानगीबद्दल. पावाचं पीठ छान फुगावं म्हणून काही देशांत मैद्यात पोटॅशियम ब्रोमेट घालतात, तेही अगदी नावापुरतं. पाव नीट भाजला की त्यातलं बहुतेक ब्रोमाइड या निरुपद्रवी क्षारात बदलून जातं. पण हात जरा सैल सुटला किंवा भट्टी कमी तापली, की ब्रोमेट पावात तसंच उरतं. प्रयोगशाळेतल्या उंदरांना त्यानं मूत्रपिंडाचा कर्करोग झाला. ब्रिटननं १९९० साली त्यावर बंदी घातली, भारतानं २०१६ साली. अमेरिकेत मात्र देशपातळीवर बंदी नव्हतीच.

आता ‘रेड ३’ हा लाल रंग घ्या. उंदरांच्या थायरॉइडमध्ये गाठी आढळल्या म्हणून अमेरिकेनं १९९० साली सौंदर्यप्रसाधनांतून तो काढायला लावला. खाण्यातून काढायचा आदेश निघाला जानेवारी २०२५ मध्ये! ओठांना लावायला नको, पण पोटात गेला तर चालेल, असा कारभार पस्तीस वर्षं चालला. उंदरांत ज्या मार्गानं गाठी होतात तो माणसाला लागू नाही, असं तिथले अधिकारी सांगतात, आणि ते ऐकून घ्यायलाच हवं. पण प्राण्यांत कर्करोग करणाऱ्या रंगाला खाण्यात परवानगी नाही, हा त्यांचाच १९६०चा कायदा आहे. मग इतकी वर्षं तो कुणासाठी थांबला होता?

घाबरवायचा हेतू नाही. साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या ॲस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याला २०२३ साली ‘कर्करोगाची शक्यता’ असलेल्या गटात टाकलं गेलं, तेव्हाच तज्ज्ञ समितीनं रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम अशी कायम ठेवली. संशय आणि मात्रा, दोन्ही पाहावं लागतं.

म्हणूनच फेरतपासणी हवी. युरोपनं २००९ पूर्वी परवानगी मिळालेले, खाण्यात मिसळायचे सगळे पदार्थ पुन्हा तपासायला घेतले. टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंग २०१६ साली त्यातून सुटला होता. पुढे नवा पुरावा आला आणि २०२१ साली तज्ज्ञांनी सांगितलं, की पेशींतल्या जनुकांना धोका नाही असं आता म्हणता येत नाही. पुढच्याच वर्षी बंदी आली.

हे सगळीकडे व्हायला हवं. परवानगीला ठरावीक मुदत असावी, ती संपली की उत्पादकानं नव्या पुराव्यानिशी पुन्हा अर्ज करावा, आणि तो पुरावा कुणालाही वाचता यावा. पुरावा नसेल, तर परवानगी आपोआप रद्द व्हावी.