विंडोचं माप नेमकं कोणतं?

(जळगावात संगणकाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

‘सर, लॅपटॉपवर बरोबर दिसतं, प्रोजेक्टर लावला की बिघडतं.’ प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत हे वाक्य हमखास ऐकू येतं. मग चित्र काढणारा कोड उघडायचा, इथे दहा पिक्सेल वाढव, तिथे वीस कमी कर. शेजारचा मित्र म्हणतो, ‘राहू दे भो, इतकंच चालतं.’ माझं म्हणणं एवढंच, की त्या कोडला हात लावण्याआधी दोन गोष्टी तपासा. तुम्ही कोणतं माप वापरताय, आणि चित्र कधी काढताय?

आपल्यातले बरेच जण ग्राफिक्स टर्बो सीवर, म्हणजे डॉसच्या काळातल्या सी कंपायलरवर, शिकले. ग्राफिक्स सुरू करणारं इनिटग्राफ केलं की सगळा पडदा आपला. 640 बाय 480, रंग 16. उजवीकडचा शेवटचा पिक्सेल कितवा, असं गेटमॅक्सएक्सला कधीही विचारा, शून्यापासून मोजून उत्तर 639. टायटल बार नाही, कोपरा धरून ओढणारं कोणी नाही, आणि काढलेलं वर्तुळ आपण पुसेपर्यंत जागचं हलत नाही. विंडोजवर यातलं एकही गृहीत टिकत नाही.

समजा, रावेरकडच्या शेतकऱ्यासाठी केळीच्या बागेचा आराखडा दाखवणारा प्रोग्रॅम करताय. दीड बाय दीड मीटरवर झाड, प्रत्येक ओळीला ठिबकची नळी. विंडो मागितली 800 बाय 600 ची आणि खालची ओळ अर्धी कापली गेली. कारण विंडो बनवणाऱ्या क्रिएटविंडो या फंक्शनला दिलेलं माप कडा आणि टायटल बार धरून असतं. सातबाऱ्यावरच्या एकूण क्षेत्रातून पोटखराबा वजा केल्यावर लागवडीचं उरतं, तसाच हा हिशेब. विंडोज 10 वर, 100 टक्के स्केलला (म्हणजे पडद्यावर काहीही मोठं न करता), मेनू नसलेल्या नेहमीच्या विंडोत आत 784 बाय 561 पिक्सेल उरतात. रुंदीतले 16 गेले, उंचीतले 39. पण म्हणून कोडमध्ये 16 आणि 39 मिळवून मोकळे होऊ नका. स्केल बदललं, मेनू जोडला, की हे आकडे बदलले. आतलं हवं ते माप ॲडजस्टविंडोरेक्टला द्या, ते बाहेरचं काढून देतं. आणि चित्र काढताना दरवेळी आतलं माप सांगणाऱ्या गेटक्लायंटरेक्टलाच विचारा.

त्या 16 पैकी बहुतेक कड दिसतही नाही. ती माउसने धरून ओढता यावी म्हणून ठेवलेली पारदर्शक पट्टी आहे. दोन विंडो हिशेबाने चिकटवल्या तरी मध्ये फट दिसते, ती हिच्यामुळे.

आता प्रोजेक्टर. लॅपटॉपचा पडदा 1920 बाय 1080 आणि स्केल 150 टक्के, असं आज सर्रास असतं. आपल्याला डीपीआय (इंचामागे ठिपके, म्हणजेच पडद्याचं स्केल) कळतो असं प्रोग्रॅमने जाहीर केलं नसेल, तर विंडोज त्याला सांगते, ‘पडदा 1280 बाय 720 आहे.’ प्रोग्रॅम बिचारा त्या मापाने काढतो आणि विंडोज ते चित्र दीडपट ताणते. अक्षरं धुरकट दिसतात ती याने. प्रोजेक्टर 100 टक्क्यांवर असला की ताणणं थांबतं आणि तीच विंडो वेगळी दिसते. उपाय मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमची माहिती विंडोजला देणाऱ्या फाइलमध्ये, आहे. प्रत्येक मॉनिटरचा डीपीआय सांभाळतो असं तिथे लिहा, आणि मॉनिटर बदलल्यावर येणाऱ्या डब्ल्यूएम डीपीआयचेंज्ड या संदेशासोबत जो सुचवलेला आयत येतो, तो मुकाट्याने स्वीकारा. जावावाल्यांनी एक लक्षात ठेवा, विंडोजवर हे स्केलिंग स्विंगला, म्हणजे जावाच्या विंडो बनवणाऱ्या लायब्ररीला, जावा 9 पासून कळतं. जावा 8 वर तीच विंडो इवलीशी दिसते.

ओपनजीएल या ग्राफिक्स लायब्ररीमध्ये तर बिघाडाचा आकारच कारण सांगतो. मॅकच्या रेटिना पडद्यावर चित्र डाव्या खालच्या चतकोरात कोंबलेलं दिसलं, तर व्ह्यूपोर्टला (चित्र ज्या चौकटीत काढायचं तिला) विंडोचं माप दिलं गेलंय, फ्रेमबफरचं (ज्यात खरे पिक्सेल साठतात त्याचं) नाही. विंडो 800 बाय 600 असली तरी तिथे फ्रेमबफर 1600 बाय 1200 असतो. ओपनजीएलसाठी विंडो उघडणाऱ्या जीएलएफडब्ल्यू लायब्ररीमध्ये या दोन मापांसाठी दोन वेगळी फंक्शन्स आहेत, ती उगाच नाहीत.

मापाइतकीच वेळही फसवते. स्विंगच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे विंडो घडत असतानाच, गेटविड्थने रुंदी विचारलीत तर शून्य येतं, पायथनच्या टीकेइंटरमध्ये विन्फोविड्थ 1 देतं, कारण मांडणी अजून झालेलीच नसते. टीकेइंटरमध्ये माप ठरल्याचं कळवणाऱ्या कॉन्फिगर या इव्हेंटपर्यंत थांबा. याहून छुपा दोष म्हणजे बटण दाबल्यावर गेटडीसी किंवा गेटग्राफिक्स घेऊन थेट विंडोवर काढणं. विंडोज एक्सपीच्या काळात वरून दुसरी विंडो सरकवली की चित्र पुसलं जायचं आणि चूक लगेच पकडली जायची. आता विंडोज प्रत्येक विंडोचं चित्र स्वतंत्र सांभाळते, म्हणून ते टिकल्यासारखं वाटतं आणि विंडोचा आकार बदलला की गायब होतं. बटणाने फक्त माहिती बदलावी आणि विंडो पुन्हा काढायला सांगणारं इनव्हॅलिडेटरेक्ट किंवा रीपेंट म्हणावं. काढायचं ते ‘आता काढ’ असं सांगणाऱ्या पेंटच्या संदेशाला उत्तर देतानाच. तिथे हा संदेश मिळाल्याची पोच देणारं बिगिनपेंट विसरलात तर पेंटचा संदेश पुन्हापुन्हा येत राहतो आणि लॅपटॉपचा पंखा गरगरू लागतो.

मिनिमाइज केल्यावर आतलं माप शून्य बाय शून्य येतं. रुंदी भागिले उंची करण्याआधी ते तपासा. चित्र लुकलुकत असेल तर डबल बफर करा, म्हणजे चित्र आधी मेमरीत पूर्ण काढून मग एकदम पडद्यावर आणा. त्यावर याहून जास्त बोलण्यासारखं नाही.

एकाने मघाशी विचारलं, टायटल बार धरून ठेवला की ॲनिमेशन का थांबतं? तो दोष तुमच्या चित्राचा नाही. बार धरलेला असेपर्यंत विंडोज स्वतःची संदेशांची फेरी चालवते आणि तुमची मुख्य लूप तिथेच अडकून राहते. टायमर लावलात तर त्याचे संदेश त्या फेरीतूनही पोचतात. नाहीतर चित्राचं काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रॅममधल्या समांतर चालणाऱ्या धाग्यावर, न्या. पण पहिल्या वर्षाच्या मुलांनी आधी टायमरच वापरावा.